गृहारोग्य : लस टोचल्यावर सांधे दुखले तर

ऱ्हुमॅटॉइड संधिवातानें पीडित असलेल्या एक वाचक भगिनी लिहितात, “गेल्या वर्षीं इन्फ्लुएन्झाची लस टोचून घेतली आणि दहाव्या दिवशीं बोटांचे सांधे सुजून आले. यंदा डॉक्टर पुन्हां लस घ्या म्हणतात. घरांतील मंडळी म्हणतात, विषाची परीक्षा हवी कशाला ? अशा वेळीं काय करावें ?” पत्र एका घरांतून आलेलें असलें तरी प्रश्न अनेक घरांतील आहे. म्हणून त्याचा येथें थोड्या विस्तारानें विचार करूं.

प्रथम हें दुखणें कोणतें, तें ध्यानांत घ्यावें. उतारवयांत गुडघे झिजून होणारा संधिवात निराळा व हा निराळा. शरीराच्या रक्षणार्थ जी प्रतिकारशक्ति आपणांस लाभलेली आहे, तीच ह्या रोगांत घरच्या माणसांस चोर समजणाऱ्या पहारेकऱ्याप्रमाणें सांध्यांच्या आंतील अस्तरावर उलटते. पुरुषांपेक्षां स्त्रियांत हा रोग दोन-तीन पट अधिक आढळतो. मेथोट्रेक्सेट, प्रेड्निसोलोन इत्यादि औषधें ह्या पहारेकऱ्यास आवरून धरतात. परंतु पहारा सैल झाला म्हणजे खऱ्या चोरासही वाट मोकळी होते. न्युमोनिया, इन्फ्लुएन्झा, नागीण हे विकार अशा रुग्णांस लवकर गांठतात व अधिक छळतात. म्हणजे लशीची धास्ती ज्यांस अधिक, त्यांसच तिची गरजही अधिक, असा हा पेंच आहे.

लस तर ह्याच प्रतिकारशक्तीस डिवचते. मग निजलेलें दुखणें जागें होणार नाहीं काय? ही शंका रास्त आहे व तिला अनुभवाचें उत्तरही आतां उपलब्ध आहे. कोविडच्या सांथींत युरोपांतील संधिरोगतज्ज्ञांच्या ‘यूलर’ ह्या संस्थेनें लस घेतलेल्या ५,१२१ रुग्णांचीं टिपणें गोळा केलीं व त्यांचा निष्कर्ष २०२२ च्या सुमारास प्रसिद्ध झाला. सांध्यांचा किंवा तत्सम दाहजन्य रोग असलेल्यांपैकीं शेंकडा ४.४ जणांत लशीनंतर मूळ दुखणें उसळल्याची नोंद झाली. तें तीव्र स्वरूपाचें होतें अशांचें प्रमाण शेंकडा ०.६ इतकें. हीं टिपणें डॉक्टरांनीं पाठविलेलीं असल्यामुळें घरच्या घरीं सोसलेला त्रास त्यांत कमी उतरला असेल, हें मान्य केलें तरी दुखणें उसळणें हा नियम नसून अपवाद आहे, एवढें निश्चित.

मग लशीनंतर सांधे दुखतात तरी कशानें ? त्याचीं कारणें चार संभवतात. पहिलें, लशीची नेहमींची प्रतिक्रिया. दंड ठणकतो, कणकण येते, अंग मोडून येतें. निरोगी माणसासही हें होतें. तें पहिल्या-दुसऱ्या दिवशीं येतें आणि दोन-तीन दिवसांत ओसरतें. दुसरें, योगायोग. हा रोग मुळांतच चढउताराचा. कावळा बसण्यास व फांदी मोडण्यास एकच गांठ पडली, तर दोष कावळ्याच्या माथीं येतो. तिसरें कारण बहुधा कोणाच्या लक्षांत येत नाहीं, तें म्हणजे औषधाचा खंड. आणि चौथें, लशीनेंच खरोखर दुखणें उसळणें ; तेंही घडतें, पण वर सांगितल्याप्रमाणें क्वचित्.

तिसऱ्या कारणाचा थोडा खुलासा केला पाहिजे. मेथोट्रेक्सेट चालू असतां लशीचा गुण कमी येतो. इंग्लंड व वेल्समधील २५४ रुग्णांवर झालेल्या एका प्रयोगांत कोविडच्या लशीनंतर दोन आठवडे हें औषध थांबविलें, तेव्हां रक्तांतील प्रतिद्रव्यें न थांबविणाऱ्यांच्या सुमारें दुप्पट आढळलीं. त्या अवधींत कांहीं जणांस सांध्यांचा त्रास वाढला हेंही खरें, परंतु बहुतेकांस तो घरच्या घरीं आवरतां आला. अमेरिकेंतील संधिरोगतज्ज्ञांच्या संस्थेनें २०२२ सालीं जे नियम ठरविले, त्यांत इन्फ्लुएन्झाच्या लशीनंतर, रोग ताब्यांत असेल तर, मेथोट्रेक्सेट दोन आठवडे थांबवावें आणि इतर निर्जीव लशींच्या वेळीं तें चालूच ठेवावें, असें सुचविलें आहे. तेव्हां आमच्या भगिनींनीं आधीं हें आठवून पाहावें कीं, गेल्या वर्षीं लशीनंतर आठवड्याची गोळी कोणाच्या सांगण्यानें वा आपल्याच मनानें बंद होती काय ? तसें असेल, तर दहाव्या दिवशींच्या सुजेचा दोष लशीपेक्षां त्या खंडाकडे जाण्याचा संभव अधिक. आणि यंदा खंड पाडावा कीं नाहीं, हा प्रश्न डॉक्टरांपुढें मांडावा. प्रेड्निसोलोन मात्र कोणीही आपल्या मनानें एकाएकीं सोडूं नये. त्यांत जिवास धोका आहे.

लस कोणत्या जातीची, हेंही विचारून घ्यावें. आपल्या घरांतील वडील माणसांच्या दंडावर देवी टोचल्याचा जो वण दिसतो, तो सजीव लशीचा. गोवर, गालगुंड, कांजिण्या, पीतज्वर ह्यांच्या लसी, बी.सी.जी. आणि नाकांत फवारावयाची इन्फ्लुएन्झाची लस ह्या सजीव होत. प्रतिकारशक्ति दडपणारीं औषधें चालू असतां ह्या सामान्यतः वर्ज्य समजाव्या. उलटपक्षीं दंडांत टोचावयाची इन्फ्लुएन्झाची लस, न्युमोनियाची लस आणि २०२३ पासून भारतांत मिळूं लागलेली नागिणीची दोन मात्रांची लस ह्या निर्जीव आहेत. त्यांपासून तो तो रोग जडण्याची भीति नाहीं. रिट्युक्सिमॅब घेणाऱ्यांनीं लशीची तारीख त्या औषधाच्या तारखेशीं जुळवून मागावी, नाहीं तर लस जवळजवळ वायां जाते.

आतां घरांत करावयाच्या गोष्टी. लस घेण्यापूर्वीं दोन आठवडे एका वहींत रोज दोन ओळी लिहाव्या : सकाळीं बोटें किती वेळ आखडलेलीं होतीं, कोणते सांधे सुजले. लशीनंतरही महिनाभर हें टिपण चालू ठेवावें व औषध कोणत्या दिवशीं घेतलें वा चुकलें, तेंही लिहावें. लस टोचल्यावर अर्धा तास तेथेंच बसावें. श्वास कोंडला, चेहरा सुजला किंवा घेरी आली, तर तत्काळ सांगावें. ताप-कणकणीस पॅरासिटामोल चालतें. ताप तीन दिवसांहून अधिक टिकला, तर तो लशीचा समजून घरीं बसूं नये. सांध्यांची सूज व सकाळचा आखडलेपणा आठवडाभरांत उतरला नाहीं, तर वही घेऊन डॉक्टरांकडे जावें. “मागें एकदां त्रास झाला होता” ह्या वाक्यापेक्षां त्या वहीच्या चार पानांवरून त्यांस पुष्कळ अधिक कळेल.

शेवटीं एक शब्द घरांतील इतर मंडळींस. लस नको, हा सल्ला आपण काळजीपोटीं देतां ह्यांत संशय नाहीं. पण न्युमोनियानें अंथरूण धरलें, तर तें त्याच दुखऱ्या सांध्यांस सोसावें लागतें. त्यापेक्षां लस टोचून झाल्यावर पहिले दोन दिवस कणीक मळणें, पाणी भरणें, कपडे पिळणें हीं कामें त्यांच्या हातांतून काढून घ्यावीं. आणि दुखतें का, हें त्यांनीं सांगण्याची वाट न पाहतां आपणच विचारावें. कारण ह्या दुखण्यांतील बायका सवयीनें “कांहीं नाहीं” असेंच म्हणतात.