शाळेची समिती आणि पालकांचे मत

विधानसभेची निवडणूक आली म्हणजे राज्याची सारी यंत्रणा महिनोन्महिने राबत असते. मतदारयाद्या प्रसिद्ध होतात, हरकती ऐकल्या जातात, उमेदवारी अर्जांची छाननी होते आणि एकेका मताची मोजणी उमेदवारांच्या प्रतिनिधींसमक्ष केली जाते. याच राज्यातील सहस्रावधी शाळांतून दर दोन वर्षांनी आणखी एक निवडणूक व्हावयाची असते. तिच्यासाठी ना यादी लागते, ना मतपेटी. मुख्याध्यापक सभा बोलावतात, नावेही बहुधा तेच सुचवितात, जमलेले वीस-पंचवीस पालक हात वर करतात आणि इतिवृत्तात ‘सर्वानुमते निवड झाली’ असे एक वाक्य लिहून कार्यभाग आटोपला जातो. सर्वच शाळांत असे घडते असे आमचे म्हणणे नाही. अनेक मुख्याध्यापक हे काम निष्ठेने करतात. परंतु ते निष्ठेने होणे न होणे केवळ एका व्यक्तीच्या सद्‌बुद्धीवर अवलंबून राहावे, ही स्थिती समाधानाची खास नव्हे.

२००९ चा शिक्षणहक्क कायदा १ एप्रिल २०१० पासून अंमलात आला. त्याच्या २१ व्या कलमान्वये विनाअनुदानित खाजगी शाळा वगळता प्रत्येक शाळेत व्यवस्थापन समिती असणे बंधनकारक झाले. समितीचे निदान तीन-चतुर्थांश सभासद पालक असावेत, निम्म्या जागी स्त्रिया असाव्यात आणि दुर्बल व वंचित घटकांतील मुलांच्या पालकांना प्रमाणशीर स्थान मिळावे, असे कायदा सांगतो. शाळेचा विकास आराखडा तयार करणे आणि मिळालेल्या अनुदानाच्या विनियोगावर नजर ठेवणे, ही तिची कामे. महाराष्ट्र शासनाने १७ जून २०१० च्या निर्णयाने बारा ते सोळा सभासदांची समिती, पालकांतूनच अध्यक्ष आणि मुख्याध्यापक हे सदस्य-सचिव, अशी रचना घालून दिली. अनुदानित शाळांतील समित्यांचे काम २०१२ च्या दुरुस्तीने केवळ सल्ल्यापुरते उरले. तथापि सरकारी, जिल्हा परिषदेच्या आणि महापालिकेच्या शाळांत तिचे अधिकार कायम आहेत. म्हणजे ज्यांची मुले या शाळांत शिकतात त्या मोलकरणी, हमाल, रिक्षाचालक आणि शेतमजूर यांच्या हाती कायद्याने शाळेच्या देखरेखीचा अधिकार सोपविला आहे.

हा बदल किती मोठा आहे हे मागील इतिहास पाहिला म्हणजे ध्यानात येते. मुंबई इलाख्यात १९२३ च्या कायद्याने प्राथमिक शाळांचा कारभार स्थानिक संस्थांच्या शिक्षण मंडळांकडे आला. १९४७ च्या कायद्याने त्या मंडळांवर सरकारचा अंकुश वाढविला, पण मंडळे राहिली. जिल्ह्यांची मंडळे १९६२ मध्ये जिल्हा परिषदा आल्यावर संपली आणि शहरांतील मंडळे २०१३ च्या दुरुस्तीने रद्द झाली. या मंडळांचे सभासद पालकांनी निवडलेले नसत. त्यांना लोकांचे प्रतिनिधी निवडून देत. शहरांत नगरसेवकांच्या सभागृहात ज्या पक्षाचे जसे बळ, तशा त्याच्या जागा. अप्रत्यक्ष निवडणुकीत उत्तरदायित्व मतदाराकडे राहते, आणि येथे मतदार होते नगरसेवक. गणवेश आणि दप्तरांच्या खरेदीवरून ठिकठिकाणी वाद माजले, ते याच वाटेने. मंडळे गेली याबद्दल म्हणूनच फारसे कोणी अश्रू ढाळले नाहीत.

परंतु वरचे मंडळ गेल्यावर सारा भार खालच्या समितीवर आला आहे. मुंबई महापालिकेची मुदत मार्च २०२२ मध्ये संपली आणि जानेवारी २०२६ मधील मतदानापर्यंत तेथे प्रशासकाचा कारभार होता. त्या काळात निर्वाचित शिक्षण समिती नव्हती आणि प्रश्न विचारावयास नगरसेवकही नव्हते. अशा वेळी पालिकेच्या शाळेत लोकांच्या वतीने बोलण्याचा अधिकार असलेली एकच संस्था उरली होती, ती म्हणजे शाळेची ही समिती. तीच जर नावापुरती असेल, तर स्वच्छतागृहाला पाणी नाही, किंवा एका वर्गाला वर्षभर शिक्षक नाही, ही तक्रार कोणी कोणाकडे करावयाची?

दोष कायद्याच्या हेतूत नाही. निवडणूक कशी घ्यावयाची, हे सांगण्यात तो तोकडा पडला आहे. ज्याच्या कामावर समितीने देखरेख करावयाची, तोच सभा बोलावतो आणि तोच इतिवृत्त लिहितो. सभा बहुधा कामाच्या दिवशी, शाळेच्या वेळात भरते. चार घरची धुणीभांडी करणारी आई त्या सभेला आली तर तिचा दिवसाचा रोज बुडतो, आणि न आली तर ‘पालकांना आस्था नाही’ असा शेरा तयार असतो. आली तरी ज्या गुरुजींच्या हाती तिचे मूल आहे त्यांच्यासमोर वेगळ्या नावासाठी हात वर करणे तिला सोपे असते काय?

यावर असा आक्षेप घेतला जातो की रीतसर मतदान आले की शाळेत राजकारण शिरेल. आक्षेप अगदीच निराधार नाही. गावागावांतील गटबाजी आम्हांस ठाऊक आहे. परंतु राजकारण आजही शाळेत येते. समितीचे अध्यक्षपद कोणाच्या माणसाला द्यावयाचे हे अनेकदा सभेपूर्वीच ठरलेले असते. उघड नियमांनी आणि गुप्त मतदानाने त्याला काही आळा बसेल, बंद दाराआडच्या सर्वानुमताने तो बसणार नाही. अमेरिकेतील शिकागो शहरात १९८८ च्या कायद्याने प्रत्येक सरकारी शाळेसाठी स्थानिक परिषद निर्माण झाली. तीत पालकांना बहुमत मिळाले आणि मुख्याध्यापक निवडण्याचाही अधिकार मिळाला. तेथे मतदान प्रगतिपुस्तके न्यावयास पालक शाळेत येतात त्याच दिवशी ठेवण्याची पद्धत आहे. आरंभीचा उत्साह तेथेही पुढे ओसरला, अनेक जागा बिनविरोध जाऊ लागल्या. तरीपण पालक ज्या दिवशी येणारच आहे त्या दिवशी मतपेटी त्याच्यासमोर ठेवावी, ही साधी युक्ती आपण उचलण्यास हरकत नसावी.

आमच्या सूचना मोजक्या आहेत. सभेची तारीख आणि पालकांची यादी पंधरा दिवस आधी फलकावर लावावी. सभा रविवारी किंवा सायंकाळी, अथवा निकालाच्या दिवशी घ्यावी. नावे पालकांनीच सुचवावीत आणि जागांहून अधिक नावे आल्यास चिठ्ठीवर गुप्त मतदान व्हावे. अध्यक्षस्थानी दुसऱ्या शाळेचे मुख्याध्यापक असावेत. निवड झालेल्यांची नावे आणि शाळेला मिळालेल्या पैशाचा हिशेब दर्शनी भागी लावावा. यास कागद, खडू आणि एक पत्र्याचा डबा यांखेरीज खर्च नाही.

आमच्या बहुसंख्य वाचकांची मुले या शाळांत जात नाहीत, याची आम्हांस जाणीव आहे. ती ज्या खाजगी शाळांत जातात तेथे २०११ च्या शुल्क नियमन कायद्यान्वये पालक-शिक्षक संघाची कार्यकारी समिती इच्छुक पालकांतून चिठ्ठ्या टाकून ठरते, आणि फी वाढली म्हणजे त्या समितीची आठवण सर्वांना होते. पालिकेच्या शाळेतील पालकांना फीची धास्ती नाही. त्यांना धास्ती आहे ती आपले मूल सातवीत जाऊनही धड वाचू शकणार नाही याची. त्यांच्या हाती कायद्याने एक मत दिले आहे. ते मत मोजले जाईल एवढी व्यवस्था शिक्षण खात्याने पुढील निवडीपूर्वी करावी, आणि सुशिक्षित नागरिकांनी आपल्या प्रभागातील शाळेत ती झाली की नाही हे एकवार जाऊन विचारावे.