गिऱ्हाइकांचें दप्तर

तलाठी बदलून गेला तरी गांवचें दप्तर चावडींतच राहतें. नमुना सातावरून हक्क कोणाचा तें कळतें, बारावरून पीक कोणतें तें कळतें. नवा तलाठी दुसऱ्याच दिवशीं काम चालवूं शकतो. जमिनीबाबत इतके दक्ष असलेले आमचे शेतकरी बंधु आपला माल घेणाऱ्या गिऱ्हाइकाविषयीं कांहींच लिहून ठेवीत नाहींत, ह्याचें आम्हांस नवल वाटतें.

पूर्वीं त्याची गरज नव्हती. माल अडत्याकडे टाकला कीं पुढचें गिऱ्हाईक त्याचें. परंतु २०१६ सालीं महाराष्ट्र सरकारनें फळें व भाजीपाला बाजार समितीच्या आवाराबाहेर विकण्यास मोकळीक दिली, व उत्पादक कंपन्या थेट घरोघरीं माल देऊं लागल्या. आमच्या माहितींतील अशाच एका कंपनीचा हापूस मुंबई-पुण्यास जात असे. सर्व गिऱ्हाइकांचीं नांवें व्यवस्थापकाच्या मोबाइलांत होतीं. ऐन फाल्गुनांत तो नोकरी सोडून गेला, नांवेंही गेलीं, आणि सभासदांच्या पेट्या पुन्हां अडत्याच्या गाळ्यावर उतरल्या.

व्यापारी लोक ज्यास ‘सीआरएम’ म्हणतात, तें सॉफ्टवेअर म्हणजे ह्या रोगावरील दप्तरच होय. त्यांत प्रत्येक गिऱ्हाइकाचें एक पान असतें: किती पेट्या केव्हां नेल्या, दर काय लागला, उधारी किती राहिली, कोणाच्या फळांत साका निघाला व त्याची भरपाई दिली कीं नाहीं. पेटीवरील बागाइतदाराचा क्रमांकही त्यांत नोंदला, तर साक्याची तक्रार कोणत्या बागेची तें लागलीच कळतें, आणि एकाच्या दोषानें सर्वांचें नांव जात नाहीं. मोहोर धरतांच जुन्या गिऱ्हाइकांस विचारतां येतें; आगाऊ मागणी किती, हें तोडणीपूर्वींच समजतें. टेलिफोन कोणीही उचलो, उत्तर एकच मिळतें.

ज्याचीं गिऱ्हाइकें पन्नासच आहेत, त्यानें जाड पुठ्ठ्याची वही घालावी; महिन्याचें भाडें भरण्याचें त्यास कारण नाहीं. शिवाय नोंद त्याच दिवशीं झाली पाहिजे. घरीं बसून भरलेल्या पीकपाहणीची योग्यता आम्ही पुरती जाणतों! सॉफ्टवेअर घेतांना तें कंपनीच्या नांवें घ्यावें, नोकराच्या नव्हे, आणि सोडतेवेळीं सर्व यादी परत काढून घेतां येईल कीं नाहीं हें आधींच लेखी विचारावें. आंब्याकरितां मिळालेले पत्ते खतवाल्यास किंवा विमेवाल्यास विकूं नयेत. ह्याविषयीं २०२३ सालीं कायदाही झाला आहे. पण कायदा नसता तरी आम्ही हेंच म्हटलें असतें.

येत्या वार्षिक सभेंत सभासदांनीं नफ्या-तोट्याचा कागद हातीं घेण्यापूर्वीं व्यवस्थापकास एवढेंच विचारावें: गतवर्षीं ज्यांनीं पेट्या घेतल्या, त्यांपैकीं यंदा कितीजण आले नाहींत, आणि कां?