नोकरी थोरल्याची, धंदा धाकट्याचा, सातबारा दोघांचा



सध्या गावोगाव एक उपदेश फिरतो आहे : नोकरी सोडू नका, नोकरी सांभाळून धंदा सुरू करा. बापाला ‘शेतीला जोडधंदा करा’ म्हणणारेच आता पोराला हे सांगतात. सल्ला खोटा नाही. पण तो ज्याच्या घरी पगार उरतो त्याच्यासाठी आहे. कोरडवाहू घरात पगार उरत नाही. तो जूनमध्येच मातीत जातो.

हिशेब मांडू. बीटी कपाशीच्या पाकिटाचा सरकारने ठरवलेला कमाल भाव २०२५ साली ९०१ रुपये होता. एकरी दोन पाकिटे धरली तर पाच एकरांना नुसते बियाणेच ९,०१० रुपयांचे. खत, फवारणी, निंदण पुढेच. हा पैसा येतो कुठून? सावकाराकडून, नाहीतर थोरल्याच्या पगारातून. शहरातल्या नोकरदाराचा पगार घर चालवून भांडवल होतो. आमच्या थोरल्याचा पगार आधीच एका धंद्यात अडकला आहे, त्या धंद्याचे नाव शेती. आडातच नाही तर पोहऱ्यात कुठून येणार?

आणि हा धंदा तरी कसा! २०२५-२६ साठी लांब धाग्याच्या कापसाला ८,११० रुपये हमीभाव जाहीर झाला. पीक शेतात उभे असताना, १९ ऑगस्ट २०२५ पासून, कापसावरचा ११ टक्के आयात कर उठवला. आधी सप्टेंबरअखेरपर्यंत म्हणाले, मग डिसेंबरअखेरपर्यंत. अर्धा महिना काम करून घेतल्यावर कोणत्या साहेबाचा पगार असा हलवतात?

तरीही पोरे धंदा काढतात, काढावाच. पण इथे एक गोष्ट घरोघर घडते आणि तिच्याबद्दल कोणी बोलत नाही. थोरला सरकारी नोकरीत असेल तर १९७९ च्या वर्तणूक नियमांप्रमाणे त्याला परवानगीवाचून धंदा करता येत नाही. मग दुकान धाकट्याच्या नावावर, कर्ज धाकट्याच्या नावावर, जामीन म्हातारा बाप. धाकटा कापूस वेचतो आणि कागदावर मालक असतो. धंदा बुडाला तर थोरल्याचा पगार एक तारखेला येतोच. नोटीस मात्र गावात येते. जामीनदाराची देणेदारी कायद्याने कर्जदाराइतकीच असते, हे बापाला अंगठा देताना कोणी सांगत नाही. यात थोरला लबाड असतो असे नाही. बहुतेक वेळा तो भला माणूसच असतो.

आम्ही शेतकी शिकलो, म्हणून आमच्याकडे पोरे विचारायला येतात ती बहुधा कृषी केंद्राचेच. आम्ही शक्यतो नको म्हणतो. कोरडवाहू गावात बी-औषधाचे दुकान उधारीवर चालते आणि उधारी पावसावर. एकाच पावसावर घरातले दोन धंदे लावायचे कशाला? डाळीची गिरणी, ज्वारीचे पीठ, ट्रॅक्टर-दुरुस्ती, काहीही करा. शेत बुडाले त्याच वर्षी बुडणार नाही असे करा. शेताचा आणि धंद्याचा पैसा एका खात्यात ठेवू नका. ज्याच्या पगारावर धंदा उभा आहे त्याने कर्जाच्या कागदावरही यावे. नोकरीच्या नियमामुळे येता येत नसेल तर रीतसर परवानगी मागावी. ती मिळेपर्यंत धाकट्याच्या सहीवर कर्ज उचलू नये.

आणि सातबारा द्यायचा नाही. लहान उद्योगाच्या ठरावीक रकमेपर्यंतच्या कर्जाला बँकेने तारण घेऊ नये असा रिझर्व्ह बँकेचाच नियम आहे. तरी साहेब ‘सातबारा आणा, बघू’ म्हणतात, आणि आपण नेऊन देतो! धंद्याच्या अशा कर्जाला ज्यांच्याकडे जमीन मागितली गेली, त्यांनी बँकेचे कागद घेऊन जिल्हा बैठकीला यावे. तोंडी मागितली असेल तर शाखेचे नाव, तारीख आणि कर्जाची रक्कम लिहून आणावी.