शेड एक, गाड्या दोन

मंडळी, या शनिवारी कोड नाही, कार्ब्युरेटर! अमरावतीला आलोय. काकांनी अकोल्याचं घर विकलं, त्यामुळे त्यांची डिझेल अँबॅसेडर आमच्या अंगणात येऊन उभी आहे. शेडमध्ये आमची 1986 ची प्रीमियर पद्मिनी आधीपासूनच. जागा एकीचीच. कोणती ठेवायची ते मी ठरवायचं, का तर मी इंजिनिअर (सॉफ्टवेअरचा, पण हे घरी कोणाला पटवणार? :) ).

कागदावर सोपं आहे. पद्मिनी म्हणजे मूळची फियाट 1100, कुर्ल्याला बनायची. 1089 सीसी, साधारण चाळीस हॉर्सपॉवर, वजन नऊशे किलोच्या आसपास. अँबॅसेडर म्हणजे इंग्लंडची मॉरिस ऑक्सफर्ड, बंगालात उत्तरपाड्याला बनलेली. काकांच्या गाडीत 1489 सीसीचं डिझेल इंजिन, ताकद चाळीसच्याही आत आणि वजन मात्र भरपूर जास्त. पिकअपमध्ये पद्मिनी आरामात जिंकते. स्टिअरिंगही हलकं. जवाहर गेटच्या आतल्या गल्ल्यांतून आई ती एकटी फिरवायची. अँबॅसेडरला ती 'रणगाडा' म्हणते.

पण वऱ्हाडातली गाडी मे महिन्यात तपासावी. 1994 च्या मे मध्ये आजी अकोल्याला आजारी पडली, तिला नागपूरला हलवायचं होतं. आम्ही दुपारी पद्मिनी घेऊन निघालो. बडनेरा सोडलं, आणि मूर्तिजापूरच्या अलीकडे गाडी बंद. पेट्रोलचा पंप इंजिनालाच लागून. तो तापला की आतल्या पेट्रोलची वाफ होते आणि वाफ काही पंपाला पुढे ढकलता येत नाही. बाबांनी ओला फडका गुंडाळला. चालू. पुन्हा बंद. तिसऱ्या वेळी प्यायचं पाणी संपलं तेव्हा बाबा काहीच न बोलता झाडाखाली जाऊन बसले. त्यांना तसं बसलेलं मी तेव्हा पहिल्यांदा पाहिलं.

डिझेलची अशी पटकन वाफ होत नाही. काकांनी शेवटी आमची वाट पाहणं सोडलं, आजीला अँबॅसेडरच्या मागच्या सीटवर आडवं केलं आणि निघाले. रस्त्यात आम्हाला पाहून थांबले. "तुम्ही कायले ऊन खाता, बसा पुढं," एवढंच म्हणाले. आजी बरी होऊन परत आली, त्याच सीटवर. पद्मिनीत ती झोपूच शकली नसती.

आता म्हणाल, रस्ते बदलले. खरंय, 2022 च्या जूनमध्ये अमरावती-अकोला मार्गावर 75 किलोमीटर डांबरीकरण 105 तास 33 मिनिटांत करून गिनीज विक्रम झाला. रस्ता सुधारला, ऊन नाही! शिवाय पद्मिनी बनणं या शतकाच्या सुरुवातीलाच थांबलं, अँबॅसेडर 2014 पर्यंत चालली. पार्टसाठी त्यातल्या त्यात तीच बरी.

आणि एक गोष्ट कुठल्याच टेबलात नसते. आईचे गुडघे. काल तिला दोन्हीत बसवून पाहिलं. अँबॅसेडरची सीट उंच, ती सरळ बसली. पद्मिनीतून उठताना तिने माझा हात धरला, आणि बॉनेटवरून हात फिरवत म्हणाली, "तुह्या काकाले म्हणा, याच गल्लीत रणगाडा वळवून दाखव."

तर माझं मत अँबॅसेडरला. काकांना कळवलंय. आईला अजून नाही, आणि उद्या रात्री माझी पुण्याची ट्रॅव्हल्स आहे.