खंडेनवमीचा हार आणि पुरातले इंजिन

१७ ऑगस्ट २०२५ ची रात्र नांदेड जिल्ह्यातील मुखेड तालुका सहजी विसरणार नाही. ढगफुटीसदृश पाऊस कोसळला, लेंडी नदीचे पाणी फुगले आणि रावणगाव, हसनाळ, भासवाडी ही गावे पाहता पाहता वेढली गेली. हसनाळमध्ये प्राणहानी झाली. राज्य आपत्ती प्रतिसाद दलाने बचावकार्य हाती घेतले, लष्कराची तुकडीही धाडण्यात आली. पुढे सप्टेंबर महिन्यात तर मराठवाड्यातील बहुतेक जिल्हे पुन्हा महापुराच्या तडाख्यात सापडले. संकटात धावून आलेल्या जवानांचे ऋण मानावे तेवढे थोडेच. परंतु पूर ओसरल्यावर एक साधा प्रश्न मागे उरतो. ही पथके पोहोचेपर्यंतच्या पहिल्या काही तासांत छपरावर बसलेल्या माणसाचा आधार कोण?

राष्ट्रीय आपत्ती प्रतिसाद दलाची महाराष्ट्रातील बटालियन पुण्याजवळ आहे, राज्याचे दल धुळे व नागपूर येथे. पुणे किंवा धुळे येथून नांदेड चारशे किलोमीटरहून अधिक दूर. पावसाळ्यात काही तुकड्या आधीच पुढे आणून ठेवल्या जातात हे खरे, तरीही प्रत्येक तालुक्याच्या वाट्याला तुकडी येणे अशक्य. तेव्हा पहिला आधार असतो तो गावचे पोहणारे तरुण, गोदाकाठचा भोई बांधव आणि अग्निशमन दलाच्या किंवा तहसीलच्या शेडमध्ये ठेवलेली रबरी बोट यांचाच. त्या बोटीचा प्राण म्हणजे तिच्या मागच्या फळीवर बसविलेले आउटबोर्ड इंजिन. ते जुने झाले असेल आणि ऐन वेळी सुरू झाले नाही, तर पुराच्या प्रवाहात वल्ह्यांचा काय पाड लागणार?

'मराठवाड्याला बोटी कशाला?' असे विचारणारे आजही भेटतात. त्यांनी लातूरचा इतिहास आठवावा. एप्रिल २०१६ मध्ये मिरजेहून रेल्वेने पाणी आणावे लागले ते याच लातूरला. त्याच वर्षीच्या पावसाळ्याअखेरीस मांजरा धरण भरले. आणि सप्टेंबर २०२१ मध्ये धरणाचे दरवाजे उघडल्यावर मांजराकाठच्या माणसांना बोटींनी आणि हेलिकॉप्टरने सोडवावे लागले. जेथे टँकर लागतो तेथेच नावही लागते, हे या भूमीचे वास्तव आहे. हीच मांजरा पुढे कंदकुर्ती येथे गोदावरीला मिळते. डॉ. हेडगेवारांच्या घराण्याचे हे मूळ गाव नांदेडच्या सीमेला लागूनच आहे. सीमेपलीकडील श्रीरामसागराच्या फुगवट्याची धास्ती धर्माबाद-बिलोलीच्या शेतकऱ्याला दर श्रावणात असते, ती वेगळीच.

यंत्राची कहाणी

हे इंजिन समजून घेतले तर त्याची उपेक्षा किती महाग पडते ते कळते. ते थंड राहते नदीच्याच पाण्यावर. आतला रबरी पंखा पाणी ओढतो आणि यंत्राभोवती फिरवतो. पुराचे पाणी म्हणजे गाळ, वाळू, काडीकचरा, प्लॅस्टिक. पंखा झिजला की इंजिन काही मिनिटांत तापते. तळच्या गिअरपेटीचे सील गेले की आत पाणी शिरते व तेल दुधासारखे पांढरे होते. त्याहून मोठा शत्रू म्हणजे निष्क्रियता. पावसाळ्यानंतर आठ महिने इंजिन पडून राहते. कार्ब्युरेटरमध्ये राहिलेले पेट्रोल चिकट होऊन जेटची बारीक छिद्रे बुजवते. आता पेट्रोलमध्ये २० टक्के इथेनॉल असते. शेतकरीहिताच्या आणि इंधन-स्वावलंबनाच्या दृष्टीने ते धोरण स्वागतार्हच. पण इथेनॉल हवेतील ओलावा शोषून घेते आणि जुन्या रबरी नळ्यांना मानवत नाही. म्हणून हंगाम संपताच टाकी व कार्ब्युरेटर रिकामे करणे, इंजिन स्वच्छ पाण्यावर चालवून गाळ धुऊन काढणे आणि महिन्यातून एकदा ते सुरू करून पाहणे, एवढी शिस्त तरी हवीच.

ही शिस्त पाळूनही एक दिवस इंजिन थकतेच. ते कधी बदलावे, हे केवळ खरेदीच्या वर्षावरून ठरवू नये. ते किती तास चालले, सिलिंडरमधील दाब किती उरला, सुटे भाग मिळतात का, ही खरी कसोटी. १९०९ मध्ये ओले एव्हिनरूड याने अमेरिकेत ज्या नावाची आउटबोर्ड इंजिने विक्रीस आणली, त्या नावाच्या इंजिनांचे उत्पादन २०२० मध्ये बंद झाले. नाव मोठे म्हणून सुटे भाग कायम मिळत राहतील, या भ्रमात कोणी राहू नये.

नवे इंजिन घेताना टू-स्ट्रोक की फोर-स्ट्रोक, हा वाद उपस्थित होतो. टू-स्ट्रोक हलके आणि रचनेने साधे. मात्र ते पेट्रोलमध्ये तेल मिसळून चालवावे लागते, इंधन अधिक खाते व धूर सोडते. फोर-स्ट्रोक काटकसरी व शांत, पण वजनाने जड. रबरी बोटीच्या मागच्या फळीला ते वजन पेलेल का, फळीच्या उंचीला इंजिनाचा दांडा जुळेल का आणि दोन माणसांना ते उचलून ट्रॅक्टरवर चढविता येईल का, हे निविदा काढण्यापूर्वीच तपासावे. केवळ सर्वांत कमी बोली पाहून घेतलेले यंत्र बोटीला बसले नाही, तर ती बचत नव्हे. जिल्हाभर एकाच प्रकारची इंजिने असली तर एकाचे भाग दुसऱ्याच्या कामी येतात. देखभालीचा करारही खरेदीबरोबरच व्हावा.

पैसा नाही, ही सबबही पूर्णांशाने खरी नाही. १५ व्या वित्त आयोगाने २०२१ ते २०२६ या काळासाठी राज्यांच्या आपत्ती निधीतील १० टक्के वाटा पूर्वतयारी व क्षमताविकासासाठी राखून ठेवला होता. २००५ च्या आपत्ती व्यवस्थापन कायद्याने जिल्हाधिकाऱ्यांच्या अध्यक्षतेखाली जिल्हा प्राधिकरणही दिले आहे. उणीव आहे ती वेळापत्रकाची. दसऱ्याला तपासणी, पौषापर्यंत निर्णय, मार्चअखेरच्या धावपळीआधी खरेदी, पाडव्याला चाचणी आणि रोहिणी नक्षत्रापूर्वी नदीवर सराव, असा क्रम बसला पाहिजे. मृगाचा पाऊस फाइलवरील स्वाक्षरीची वाट पाहत नाही.

याच गोदापात्रात बेकायदा वाळू उपसणाऱ्या बोटी व तराफे महसूल विभागाने नष्ट केल्याच्या बातम्या वारंवार येतात. चोराचे इंजिन रोज चालते, कारण त्यात त्याचा स्वार्थ गुंतलेला असतो. मग ज्या यंत्रावर माणसांचे प्राण अवलंबून, त्याची काळजी घेणारा धनी कोणीच नसावा?

येथेच समाजाचे कर्तव्य सुरू होते. १९७९ मध्ये मोरवीच्या प्रलयात आणि ३० सप्टेंबर १९९३ च्या किल्लारी भूकंपात स्वयंसेवक शासनाची वाट पाहत बसले नाहीत. हरंगुळचे जनकल्याण निवासी विद्यालय त्या भूकंपाच्या वेदनेतूनच उभे राहिले. संकटानंतरची सेवा हा संघसंस्कार आहेच. संकटापूर्वीची सिद्धता हा त्याचाच पुढचा टप्पा होय. नदीकाठच्या गावातील दहा तरुणांनी बोट चालविणे, दोरी ओढून इंजिन सुरू करणे, स्पार्क प्लग बदलणे शिकून घ्यावे. पिढ्यान्‌पिढ्या नदी वाचणाऱ्या भोई बांधवाला या कामात गुरुस्थानी बसवावे. सामाजिक समरसतेचा याहून जिवंत पाठ कोणता? आयटीआय आणि अभियांत्रिकी महाविद्यालयांनी जुनी इंजिने उघडून शिकण्यासाठी मागून घ्यावीत. आज अशी बहुतेक इंजिने जपानी वा अमेरिकी कंपन्यांची असतात. २०२२ मध्ये स्वदेशी 'विक्रांत' नौदलात दाखल करणाऱ्या देशाला बचावबोटीचे छोटे इंजिन घडविणे अवघड नाही. हवी ती मागणी आणि इच्छाशक्ती.

खंडेनवमीला आपण शस्त्रांची, अवजारांची पूजा करतो. शेडमधल्या इंजिनालाही त्या दिवशी हळदकुंकू लागते, झेंडूचा हार पडतो. तो हार घालण्याआधी एकदा ते सुरू करून पाहावे. सुरू झाले नाही, तर नव्या इंजिनाचा प्रस्ताव त्याच आठवड्यात जिल्हाधिकारी कार्यालयात पोहोचला पाहिजे. रावणगाव-हसनाळच्या माणसांना दिलेली तीच खरी ग्वाही ठरेल.