ओझरचे मिग कसे ओळखाल?

काहींना नाण्यांचा शौक असतो, काहींना तिकिटांचा. तसाच जुनी विमाने ओळखण्याचाही एक शौक आहे. त्याला पैसा फारसा लागत नाही, नजर लागते. नाशिककरांच्या तर तो अगदी घरचा आहे. संरक्षणमंत्री यशवंतराव चव्हाण नाशिकचे खासदार असताना, १९६४ मध्ये ओझरला मिगचा कारखाना उभा राहिला. पुढे मिग-२१, मिग-२७ आणि सुखोई-३० अशी तीन पिढ्यांची लढाऊ विमाने इथे तयार झाली.

ओळखायची सुरुवात नाकापासून करावी. मिग-२१ चे नाक म्हणजे गोल उघडे तोंड आणि त्यात बसवलेला शंकू. इंजिनाला हवा तिथूनच मिळते. पंख त्रिकोणी. मिग-२७ चे नाक खाली उतरते, कारण वैमानिकाला जमिनीवरचे लक्ष्य दिसायला हवे. त्याची हवेची तोंडे दोन्ही बाजूंना असतात आणि पंख पुढे-मागे वळतात. सुखोईला दोन इंजिने आणि दोन उभ्या शेपट्या.

हे जमले की पाठ पाहावी. सुरुवातीच्या मिग-२१ एफएलची पाठ सडपातळ, तर नंतरच्या ‘बिस’ची फुगीर. शेवटी क्रमांक वाचावा. सुधारित ‘बायसन’वर तो ‘सीयू’ अक्षरांनी सुरू होतो, तर सुखोईवर ‘एसबी’ने.

हा नुसता खेळ नाही. तणावाच्या दिवसांत मोबाइलवर विमानांची चित्रे फिरतात. आपल्या हवाई दलातून मिग-२७ डिसेंबर २०१९ मध्ये निवृत्त झाले. हवाई दलाच्या कालच्या मोहिमेचे म्हणून आलेल्या चित्रात ते दिसले, तर चित्र जुने आहे. घरातल्या एका मुलाला एवढे कळले, तरी ते चित्र निदान त्या घरातून पुढे जाणार नाही.

सरावासाठी मुंबईच्या नेहरू विज्ञान केंद्रात ठेवलेले ‘मारुत’ मुलांना दाखवावे. हे बंगळूरचे. त्याची हवेची तोंडे बाजूला का आणि मिगचे नाकात का, हे मुलांनाच विचारावे. दिल्लीला जाणे झाले तर पालमचे हवाई दल संग्रहालयही पाहावे. मात्र ओझरच्या कुंपणाजवळ कॅमेरा किंवा दुर्बीण घेऊन कोणीही उभे राहू नये. तो संरक्षण खात्याचा भाग आहे. मुलांना हे आधीच समजावून सांगावे. नंतर खुलासे देत बसण्याची वेळ येऊ नये.

२६ सप्टेंबर २०२५ रोजी चंदीगडला मिग-२१ ने बासष्ट वर्षांच्या सेवेनंतर निरोप घेतला. आता ही विमाने चौकात आणि संग्रहालयांत उभी दिसतील. त्यांच्याजवळच्या पाटीवर प्रकार असेल, वेग असेल. सगळीच मिग काही ओझरची नव्हती. पहिली रशियाहून आली. ओझरच्या मिगमध्येही सांगाडा इथला, इंजिन कोरापुटचे आणि इलेक्ट्रॉनिक साधने हैदराबादची. पण पत्रा कोणी वाकवला, रिव्हेट कोणी ठोकले, तपासणीची सही कोणाची, हे पाटीवर सहसा नसते. ती माणसे नाशिक, पिंपळगाव, ओझरच्या घरांत आहेत आणि आता थकली आहेत.

म्हणून आमचे मुलांना सांगणे आहे, की नाना, दादा किंवा शेजारचे चाचा कारखान्यात असतील, तर वही घेऊन त्यांच्याजवळ बसा. कोणते वर्ष, कोणता विभाग, हातात कोणते काम, एवढे विचारा आणि तारीख घालून लिहून ठेवा. गुपिते विचारू नका. विमान पुढच्या पन्नास वर्षांतही ओळखता येईल. सांगणारे मात्र आजच आहेत.