जुनी चेन परत चढवू नका

पावसाळ्यात हरसूलकडच्या पिकअपना काम कमी असतं. द्राक्षबागांची मजुरी जोरात सुरू व्हायला दिवाळी उजाडते, गिरणाऱ्याच्या बाजारात टोमॅटोची गर्दी त्याच्या थोडी आधी होते. तोवर गाडी दारात उभी. म्हणून ज्याचं इंजिन धूर टाकतंय, ऑइल पितंय, तो याच दिवसांत इंजिन खोलतो. यंदा तुमच्यापैकी कोणी खोलणार असेल तर चार गोष्टी सांगायच्या आहेत. माझे पैसे जाऊन त्या मला कळल्या, तुमचे तरी वाचावेत.

मी इंजिन बांधलं तेव्हा लायनर नवे, पिस्टन-रिंगा नव्या, बेअरिंगं नवी, हेड लेथवर जाऊन आलं. पैसे संपत आले होते. मिस्तरीने विचारलं, "भाऊ, टायमिंगचं काय करू? चेन तशी बरी दिसते." मी म्हटलं, राहू दे तीच. टेन्शनर मात्र गेलेलाच होता, तो दुकानात सगळ्यात स्वस्त मिळाला तो आणला. पाकिटावर नंबर नाही, बिल नाही. दोन महिने गाडी छान चालली. मग एका पहाटे भाजीचे क्रेट भरून वाघेरा घाट चढताना पुढून खडखड आवाज आला आणि गाडी जागच्या जागी बंद. चेन दात सोडून सरकली होती. व्हॉल्व्ह वाकले, पुशरॉड वाकले, एका नव्या पिस्टनवर चंद्रकोरीसारखी खूण उमटली. भाजी दुसऱ्याच्या गाडीतून गेली आणि माझी गाडी दोरी बांधून परत आली. चूक मिस्तरीची नव्हती. त्याने विचारलं होतं, नको मीच म्हटलं.

हे का होतं ते एकदा समजून घ्या, मग दुकानात कोणी फसवू शकत नाही. क्रँकचे दोन फेरे होतात तेव्हा कॅमशाफ्टचा एक होतो, म्हणून कॅमच्या चाकाला क्रँकच्या चाकापेक्षा दुप्पट दाते असतात. इंजिन मिनिटाला ३००० फेऱ्यांवर असेल तर प्रत्येक व्हॉल्व्ह सेकंदाला २५ वेळा उघडतो आणि मिटतो. डिझेल इंजिनात पिस्टन वर आला की त्याच्या आणि हेडच्या मधे जागा उरते ती अगदी थोडी. त्या क्षणी व्हॉल्व्ह उघडा राहिला तर पिस्टन त्याला ठोकणारच. ही सगळी वेळ सांभाळायचं काम एका चेनचं, नाहीतर गिअरचं, नाहीतर रबरी पट्ट्याचं.

चेन 'लांबली' असं आपण म्हणतो, पण लोखंड काही रबरासारखं ताणलं जात नाही. प्रत्येक कडीतली पिन आणि बुश घासतात आणि तिथे केसाएवढी ढिलाई येते. सगळ्या कड्यांची ढिलाई एकत्र झाली की कॅम मागे पडू लागतो. सकाळी स्टार्टर जास्त वेळ मारावा लागतो, चढाला दम लागतो, धूर वाढतो. आपण नोझलला दोष देतो आणि ते दुरुस्त करायला मायको सर्कल गाठतो. नोझल तपासून घ्यावेच, पण थंड इंजिन सुरू करताना पहिले काही सेकंद पुढच्या कव्हरमधून खुळखुळल्यासारखा आवाज येत असेल तर आधी चेनकडे बघा. बऱ्याच इंजिनांत टेन्शनर ऑइलच्या दाबावर चालतो. दाब यायला क्षणभर लागतो, आणि तेवढ्यात ढिली चेन गाईडवर आपटते.

जुनी चेन तपासायची साधी रीत आहे. ती धुऊन पुसून घ्या. मग कड्यांची बाजू जमिनीकडे येईल अशी आडवी पकडून एक टोक हातात धरा. नवी चेन जवळजवळ सरळ राहते, झिजलेली धनुष्यासारखी खाली वाकते. हा काही कंपनीचा माप घेण्याचा नियम नाही, पण नवी चेन शेजारी धरली की डोळ्यांनाच फरक कळतो. चाकांचे दातही बघा. दाताला एका बाजूने विळ्यासारखा बाक आला असेल तर ते चाक गेलं. आणि इथेच बहुतेक लोक पैसे वाचवायला जातात: चेन नवी घेतात, चाकं जुनीच ठेवतात. झिजलेल्या दातावर नवी चेन नीट बसत नाही आणि लवकर खराब होते. चेन, दोन्ही चाकं, टेन्शनर आणि प्लॅस्टिकचे गाईड हा एकच संच समजा. सोबत पुढचं ऑइल सील आणि कव्हरचं पॅकिंगही बदला. या वस्तू स्वस्त आहेत. महाग आहे ती पुढची बाजू पुन्हा खोलण्याची मजुरी, आणि इंजिन खाली उतरलेलं असताना ती वेगळी लागत नाही.

पट्ट्याची गाडी असेल तर हिशोब थोडा वेगळा. पट्टा किलोमीटरने संपतो तसा वयानेही संपतो, वर्षानुवर्षं उभ्या गाडीचाही. ऑइल किंवा डिझेल लागलं की फुगतो. नवा पट्टा घडी घालून, पिळून ठेवू नका, आतली दोरी तुटते आणि बाहेरून काही दिसत नाही. पट्ट्याबरोबर टेन्शनर-बेअरिंग बदला, आणि वॉटर पंप त्याच पट्ट्यावर फिरत असेल तर तोही. गिअरचं टायमिंग असेल तर नशीबवान आहात, फक्त दातांमधली ढिल आणि मधल्या गिअरचं बुश मिस्तरीकडून मोजून घ्या.

आता खरेदी. "बोलेरो पिकअपचं किट द्या" एवढं म्हणून किट मागू नका. एकाच नावाच्या गाडीची इंजिनं बदलत गेली आहेत. २०१७ च्या एप्रिलपासून देशभर बीएस-४ आलं, २०२० च्या एप्रिलपासून बीएस-६. पंप बदलले, कॉमन रेल आली, सेन्सर आले. बाहेरून सारखं दिसणारं चाक आतून वेगळं असू शकतं. आरसी बुकावर इंजिन नंबर आणि चासी नंबर आहेत, त्यांचा फोटो मोबाइलमध्ये ठेवा आणि त्यावरून पार्ट नंबर काढून घ्या. जुनी चाकं दुकानात सोबत न्या. दाते मोजा, चावीची खाच जुळते का बघा, कॉमन रेलच्या गाडीत सेन्सरची खूण त्याच जागी आहे का बघा. ती चुकली तर गाडी सुरूच होणार नाही, किंवा डॅशबोर्डवरचा दिवा पेटून बसेल.

कंपनीच्या डब्यातलाच माल घ्या असं मी म्हणत नाही. चेन बनवणाऱ्या चांगल्या भारतीय कंपन्या आहेत, त्यांतल्या काही गाडी कंपन्यांनाही माल देतात, आणि त्यांच्या स्वतःच्या नावाच्या डब्यात तो स्वस्त पडतो. मला आक्षेप आहे तो बिननावाच्या मालाला. डब्यावर बनवणाऱ्याचं नाव-पत्ता, पार्ट नंबर, किंमत आणि तारीख हवी. जीएसटीचं पक्कं बिल घ्या, त्यावर पार्ट नंबर लिहून घ्या. कच्च्या चिठ्ठीने थोडे पैसे वाचतील, पण माल खोटा निघाला तर भांडायला हातात काही नाही. बिल असेल तर १९१५ या ग्राहक हेल्पलाइनला फोन करता येतो.

मिस्तरीलाच माल आणायला सांगितला तर दुकान त्याला कमिशन देतं, हे सगळ्यांना माहीत आहे. त्यात रागावण्यासारखं काही नाही, त्याचाही संसार आहे. पण मग बिल तुमच्या नावाचं हवं आणि जुने भाग तुम्हाला परत हवेत. जुने भाग मागितल्यावर ज्याला राग येतो, त्याच्याकडे इंजिन उघडू नका.

बसवताना समोर उभे राहा. खुणा जुळवल्या की स्टार्टर मारण्याआधी क्रँक पान्याने हाताने पूर्ण दोन फेरे फिरवायला लावा. कुठे अडकलं तर थांबायचं, जोर लावायचा नाही. दोन फेऱ्यांनंतर चाकांवरच्या खुणा पुन्हा जुळल्याच पाहिजेत. (चेनवरच्या रंगीत कड्या मात्र लगेच जुळत नाहीत, त्यावरून घाबरू नका.) बोल्ट टॉर्क पान्यानेच आवळायचे. कॅम हेडवर असलेलं इंजिन असेल आणि हेड जास्त घासलं असेल तर टायमिंग किंचित मागे सरकतं, आणि हेड पॅकिंग कोणत्या जाडीचं घ्यायचं तेही विचारावं लागतं. लेथवाल्याने किती घासलं, तो आकडा कागदावर लिहून घ्या.

नव्या इंजिनात पहिलं ऑइल लवकर बदला आणि पुढे वेळेवर बदलत राहा. काजळीने काळं झालेलं ऑइल चेनला पॉलिश पेपरसारखं घासतं. घाटरस्त्यावर, जास्त भार घेऊन, पहिल्या-दुसऱ्या गिअरमध्ये चालणाऱ्या गाडीने सपाटीवरच्या गाडीचे किलोमीटर मोजू नयेत. आपल्या गाड्या किती भरतो हे आपल्यालाच ठाऊक. मजुरांना मागे उभं करून नेणं कायद्यात बसत नाही, तो वेगळा विषय, पण घाटात इंजिन बंद पडलं तेव्हा मागे वीस माणसं असती तर काय झालं असतं, हे मी अजून मनात आणत नाही.

माझी ती जुनी चेन ओसरीत खिळ्याला टांगलेली आहे. तुमची काढलेली चेन तिच्याशेजारी धरून बघायची असेल तर कधीही या.